माझ्या दारावरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे: पोटात ठेवलेल्यांना अंगाइतकी ऊब द्यायची आणि गप्प बसायचं. एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "पिल्लं कधी निघणार?" माझ्या पोटात अंडी नसतात. माझ्या पोटात एका टपालवाल्याच्या पेशी आहेत.

प्रयोगशाळेत नवा आलो तेव्हा लोक मला बघून "वा" म्हणायचे. पुढे दाराचं रबर सैल झालं. तेव्हापासून इथली सगळी विद्वान माणसं दार लावताना मला कमरेनं धक्का देतात.

टपालवाला हा आमच्या संशोधक ताईंचा थोरला भाऊ. त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशीच त्यात थकत जातात. आधी त्याचे पाय गेले, मग हात, मग आवाजही जाऊ लागला. ताईंनी त्याच्या कातडीच्या तुकड्यातून तसल्याच पेशी वाढवल्या आणि माझ्या स्वाधीन केल्या. काचेच्या बशीवर लिहिलं, 'दादा'. रोज सकाळी त्या विचारायच्या, "दादाला भरवलं का?"

या पेशीला लांबच लांब शेपूट असते. तिच्यातून मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण टोकापर्यंत शक्ती पुरवत फिरतात. दादाचे कण वाटेतच बसले होते. ताईंनी त्याला ते पडद्यावर दाखवले.

"माझेच ना हे?" तो अडखळत म्हणाला.

"तुझेच."

"आणि अर्ध्या रस्त्यात बसलेत? चिमणे, कामावरून काढ यांना."

"काढत नाही. चालवते."

"लवकर चालव. मला बघायचंय."

ताईंनी पेशींना नवं औषध सुरू केलं. त्याच सुमारास मला भंगारात काढायची टूम निघाली आणि पाहणीला दोन-तीन साहेब आले. त्यांच्यातल्या थोरल्यांनी माझं दार उघडलं, "हं" म्हणाले आणि दोन बोटांनी अदबीनं लावलं.

अदबीनं माझं दार लागत नाही.

ऊब निघून चालली. माझी घंटा केव्हाच मुकी झालेली. ताई साहेबांना पोचवायला वळल्या होत्या. समोर विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत, आपल्या पेशी बघायला आलेला दादा होता. गरम हवा त्याच्या गालाला लागली. त्यानं आवाज काढला, पण आता त्याचे शब्द उमटत नव्हते. थोरल्या साहेबांना वाटलं, निरोप देतोय. त्यांनी हात हलवला.

दादाचं एक बोट अजून चालायचं. त्यानं खुर्चीची कळ दाबली आणि थेट माझ्यावर आला. धाड. दार लागलं, पोचा पडला.

"यंत्रावर राग दिसतोय यांचा," साहेब म्हणाले.

ताईंनी माझ्या तापमानाच्या घसरलेल्या काट्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "स्वतःलाच वाचवलंस रे," त्या म्हणाल्या आणि हातमोज्यानं नाक पुसलं. प्रयोगशाळेत हा गुन्हा आहे.

काही आठवड्यांनी पडद्यावर एक कण हलला. मग त्याच्या मागून आणखी दोन. औषध अजून बशीपुरतंच होतं, माणसापर्यंत पोचायला वर्षं लागणार होती. हे बहीणभावांना ठाऊक होतं. तरी दादा डोळ्यांनी हसत पुन्हा पुन्हा बघत राहिला. टपाल निघालं होतं.

आता ती खुर्ची येत नाही. पेशी आहेत. मला भंगारात नेलं नाही. दुरुस्तीवाला आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "रबर बदला. पोच्याला हात लावू नका."

आता माझं दार बोटानंही लागतं. ताई मात्र अजून त्या पोच्यावर तळहात ठेवूनच लावतात.

मित्रांनो, दार लावून निघताना एकदा वळून बघत जा. आत कुणाचा तरी दादा असतो.