दाढेसाठी दहा दिवस

औषधाच्या बाटलीवर डिंकाने चिकटवलेली, कात्रीने दात पाडलेली कागदाची पट्टी. एक दात म्हणजे एक डोस.

दुपारी चाळ निजली की वहिनीच्या छातीतून येणारी टिकटिक.

किडकी दाढ, कापसात.

"लवूडॉक्टर, नातवाला जुलाब होतायत रे, बघ ना जरा!"

लवू डॉक्टर नव्हता. घाटकोपरच्या एका दवाखान्यात चौदा वर्षं कंपाउंडर होता. पण चाळीला तेवढा पुरत होता, आणि चाळीने डॉक्टर म्हटलेलं त्यालाही गोड लागायचं.

त्र्याऐंशी साली सुगंधावहिनीच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज एक गोळी, झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. शहाऐंशीत दाढ काढायची ठरली तेव्हा तिने विचारलं, "भावजी, गोळयेचा काय करूचा?"

लवूला ठाऊक नव्हतं. तेवढं म्हणायला जीभ उचलेना.

"बंद ठेव. सात दिस आधी, तीन दिस मागसून. रगताचो थेंब येवचो नाय."

थेंब आला नाही. दातांचे डॉक्टरही खूश. गोळी थांबवल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी वहिनीच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं. बोलणं गेलं.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"छ्या!" काशीरामदादाने लवूच्या खांद्यावर हात ठेवला. "बायकोचं सगळं औषधपाणी माझा भाऊ बघतो. तो चुकायचा नाय, बाई."

"दाढेसाठी बंद होती," लवू म्हणाला. "तीन दिवस."

बाई लिहू लागल्या. या आकड्यावर पुढचं औषध ठरणार, एवढं तोही इतक्या वर्षांत शिकला होता.

"नाही. दहा."

पेन थांबलं. "कुणी सांगितलं?"

"मी."

दादाचा हात खांद्यावरून हलला नाही. हलला असता तर बरं झालं असतं.

"अहो, दोन-तीन दिवस थांबवायची, तीही रक्त तपासून. हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं तरी!"

"आमच्या दवाखान्याचा फोन बंद होता, बाई."

"आमच्याकडचे फोन म्हणजे काय सांगू!" दादा लगेच पुढे झाला. "महिना महिना मेलेले असतात. तो तरी काय करणार?"

लवूने मान डोलावली.

दवाखान्याचा फोन ते दहाही दिवस चालू होता.