पाऊण इंच

तिच्या वडिलांना सगळी गल्ली ‘ओळंबा’ म्हणायची. चाळीस वर्षं ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का बघत गवंडीकाम केलेला माणूस. कुणाकडे पाहुणा गेला तरी हातात पाणी यायच्या आधी भिंत बघायचा आणि ‘वाकडी आहे’ असं सांगूनच उठायचा. लेकीच्या कामालाही त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. ती शिवणकाम करायची, आणि बाबांना कापडातलं कळत नाही अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

मग ते बाथरूममध्ये घसरले आणि खुबा मोडला. दवाखान्यात नर्सनं अंघोळ घातली त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

“घरी माझी अंघोळ मी करणार,” ते म्हणाले. “जमणार नसेल तर मला इथंच राहू दे.”

“भिंतीला धरायला दांडा लावा,” डॉक्टर म्हणाले, “मग बघू.”

प्लंबरनं ‘आलोच’ म्हणत तीन दिवस काढले. उद्या तर बाबा घरी यायचे. शेवटी आपला हात जगन्नाथ म्हणत तिनं शेजारच्या सुताराकडून ड्रिल आणलं. लांब झग्याची खालची दुमड ती नेहमी जमिनीपासून मोजायची, म्हणून तर तिचा झगा कधी एका बाजूनं लोंबत नसे. तशीच तिनं टेप फरशीला टेकवली, दोन्ही टोकांना तेहेतीस इंचांवर खुणा केल्या, भोकं पाडली, दांडा आवळला. वर साबणाची काचेची फळीही त्याच पद्धतीनं बसवली. मग ऐटीत फळीवर ओला साबण ठेवला.

साबण सावकाश चालायला लागला. टोकाशी पोचला आणि खाली पडला, बाबा घसरले होते नेमका तिथंच.

तिनं फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. सगळं कोपऱ्यातल्या जाळीकडे पळालं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण खरोखरच वाकडं होतं! पाणी साचू नये म्हणून बाबांनीच उतार दिला होता. तीन फुटांत पाऊण इंच.

“चालतंय की, ताई,” दारातून डोकावत सुतार म्हणाला. “एवढं कोण बघतंय?”

“बघणारा उद्याच येतोय,” ती म्हणाली.

उसवण्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. तिनं दांडा काढला, फळी काढली. पाऊण इंचावर नवं भोक जुन्यात फुटलं असतं, म्हणून वीतभर बाजूला सरकली. बाबांच्या कामाच्या पिशवीतली पारदर्शक नळी शोधून पाण्यानं भरली, आणि नळीच्या दोन्ही टोकांना पाणी ज्या एका पातळीला थांबलं तिथं खुणा करून दांडा आणि फळी परत बसवली. जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. सगळं वाळल्यावर स्वतः गुडघे दुमडून दांड्याला लोंबकळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबा वॉकर टेकत आधी बाथरूममध्येच गेले. बुजवलेल्या डागावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे काय?”

“आधी जमिनीवरून मापलं होतं.”

“अगं, उतार आहे तिथं! मीच दिलाय!” ते हसले. मग दांडा धरून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. दांडा जागचा हलला नाही. “जा आता बाहेर,” म्हणाले आणि दार लोटलं.

ती टॉवेल छातीशी धरून बाहेर उभी. आतून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबला की ती दाराला कान लावायची. वीस मिनिटांनी बाबा बाहेर आले, भांग पाडून.

“भूक लागलीय,” म्हणाले.

त्या आठवड्यात बघायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी खुब्याची गोष्ट दोन वाक्यांत उरकली आणि बाथरूम मात्र दाखवलं. शिलाई मशीनवर बसलेल्या तिला सगळं ऐकू येत होतं.

“दांडा नंतर बघा, आधी हे डाग बघा,” ते सांगत होते. “चुकलं होतं. काढून परत बसवलंय. चाळीस वर्षं मी मिस्त्री बघितले, पाऊण इंचासाठी कुणी काम उसवत नाही. माझ्या पोरीनं उसवलं.”

मशीन थांबलं. तिला कापड दिसेना.