हिऱ्यातला काळा ठिपका

मित्रांनो, हिऱ्याला मरण नसतं म्हणतात. नसेल बापडं! पण आपलं माणूस गेल्यावर मागे उरणं काय असतं, ते मला विचारा.

मी तैवानमधल्या ताइनानच्या एका आजीच्या बोटात आयुष्य काढलं. माझ्या कडेला एक काळा ठिपका आहे. आजी नात पेइ-रूला तो भिंगातून दाखवायची आणि म्हणायची, "हा पाहून ठेव गं. हीच माझ्या हिऱ्याची खूण." पुढे आजी गेली, पण तिचा हात काही सुटला नाही. तिचं बोट मला अजून जाणवतं, गार आणि चाचपणारं.

पेइ-रूचं लग्न त्सुंग-येनशी ठरलं. जुनं कोंदण झिजलं होतं, म्हणून तिची आई मला नव्या अंगठीत बसवायला छाय सोनाराकडे घेऊन गेली. पेइ-रूने तिथलं भिंग उचललं.

"बघ की पोरी," छाय हसला, "पण हिरा तपासतेस की मला?"

आईने तिला चिमटा काढला. "ठेव ते खाली! आजीच्या लग्नातलं सोनं छायकाकांच्या वडिलांनीच घडवलंय. लाज आणशील!"

पेइ-रूने भिंग ठेवलं. नवी अंगठी घरी नेतानाही कुणी भिंगातून पाहिलं नाही. तिच्यात दुसराच खडा चमकत होता. मी छायच्या खणात, काळोखात पडलो होतो. ओरडावं तर मला तोंड कुठंय?

लग्नाआधी आमच्याकडे पूर्वजांना कौल लावतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार; दोन्ही पालथे पडले की नकार. देव्हाऱ्यातल्या आजीच्या नावाच्या पाटीपुढे अंगठी ठेवून आईने विचारलं, "आई, पेइ-रूने ही घालून त्सुंग-येनच्या घरी जावं ना?"

दोन्ही पालथे.

मी तिथे नव्हतो. पण आजीला जे दिसत होतं ते मला खणात दिसत होतं. ती अंगठी चाचपत होती, पुन्हा पुन्हा चाचपत होती. आईने परत तुकडे टाकले. परत पालथे.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "तुझ्या आजीला मुलगा पसंत नाही."

"असं कसं गं? आजीचा किती जीव होता त्याच्यावर!" पेइ-रू रडू लागली.

"गेलेल्या माणसाचा शब्द मी मोडणार नाही."

त्सुंग-येन दारात, लग्नाआधी मुलीकडे द्यायच्या केकचे डबे घेऊन उभा होता. तो डब्यांसकट परत गेला.

छायने मला विकलं. आज मी एका परक्या बाईच्या बोटात आहे. ती नवऱ्याला म्हणते, "अहो, ही अंगठी कुणीतरी ओढतंय हो!" तो हसतो. मला हसू येत नाही.

मित्रांनो, हिरा जडवायला देताना आणि परत घेताना सोनारासमोर भिंगातून बघा, त्याची खूण पटवून घ्या. सोनार कितीही घरचा असू दे. भीड ही भिकेची बहीण! आणि कडेला काळा ठिपका असलेला हिरा कुणाच्या बोटात दिसलाच, तर ताइनानच्या पेइ-रूला एवढा निरोप द्या. आजीने त्सुंग-येनला नाही म्हटलं नव्हतं. ती मला शोधत होती.