खायरिप्पोसला मारलेली हाक

माझे बाबा, एव्थुदिकोस, अथेन्सच्या वेशीबाहेर अकादमीत शिकवायचे. त्यांच्या तोंडी एक अवघड शब्द नेहमी असे: अकातालेप्सिया. कुठलीही गोष्ट माणसाच्या मुठीत पक्की सापडत नाही, असा त्याचा अर्थ. कुणी काही ठामपणे बोललं की बाबा प्रश्न विचारत सुटत, आणि शेवटी समोरचा गप्प बसे. बाजारातला मासेवाला त्यांना पाहून म्हणायचा, "या गुरुजी. मासा ताजा आहे. म्हणजे, असावा."

माझा भाऊ खायरिप्पोस काळ्या समुद्राकडे धान्य आणायला गेलेल्या जहाजावर होता. बाकीची जहाजं परत आली, त्याचं आलं नाही. दोन हिवाळे गेले. आईला त्याची रिकामी समाधी बांधायची होती. समुद्राने ठेवून घेतलेल्यांची आमच्याकडे बांधतात. नाहीतर जीव भटकत राहतो.

"तो गेला हे तुला कुणी सांगितलं?" बाबा म्हणायचे.

"आहे हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. म्हणून तर मी दोन्हीकडून काही म्हणत नाही."

"नका म्हणू. पण धान्याची जहाजं लागली की पिरेयसच्या धक्क्यावर जाऊन बसता, ते कशाला हो?"

यावर बाबा चपला शोधायला लागायचे.

पुढच्या वसंतात एक अनोळखी खलाशी दारात आला. म्हणाला, "तुमच्या पोराला मी पाहिलंय. उत्तरेकडच्या एका बंदरात आहे. पाय मोडलाय, बरा झाला की येईल."

बाबांनी त्याला हाताला धरून आत नेलं. बार्लीची भाकरी, ऑलिव्ह, घरातली चांगली वाइन, सगळं पुढे ठेवलं. दुरून येणारा माणूस ओळखीचा की परका यावर अर्धा दिवस वाद घालणारे माझे बाबा त्याच्यासमोर नुसते बसून राहिले. खलाशी सांगत होता, बाबा मान हलवत होते.

आईने विचारलं, "जेवतो कुठल्या हाताने?"

"उजव्या. सगळे जेवतात तसाच."

माझा भाऊ डावखुरा होता. लहानपणी हातावर छड्या खाऊनही त्याची सवय गेली नव्हती.

उरलेली भाकरी फडक्यात बांधून आईने खलाशाच्या हातात दिली. "ये हं. जपून जा."

तो गेल्यावर बाबा अंगणात अंजिराखाली जाऊन बसले. मी जवळ गेले.

"मला कळलं होतं, थेओक्सेना," ते म्हणाले. "पहिल्याच वाक्याला. भुकेला होता बिचारा."

"मग तुम्ही काहीच कसं विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तो बोलायचा थांबला असता."

त्या उन्हाळ्यात समाधी झाली. दगड बाबांनीच निवडला. गवंड्याला म्हणाले, "त्याचं नाव कोर, पुढे बापाचं म्हणून माझं कोर. गेला, बुडाला, असलं काही नको."

रिवाजाप्रमाणे तीनदा हाक मारून जिवाला घरी बोलवायचं असतं. आईने पहिली मारली, पुढची तिला मारवेना. पुढच्या दोन बाबांनी मारल्या, जेवायला बोलवावं तशा, रस्त्याकडे तोंड करून.

मग सगळे निघाले. आईने बाबांचा दंड धरला.

"चला आता."

"थांब जरा," बाबा म्हणाले.

आम्ही थांबलो.