खांबावरची ऐंशी मीटर

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट शांतपणे सांगतात असं म्हणतात, पण माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटातून उजेड धावतो. असं पोट घेऊन कोण स्वस्थ बसेल?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे काच तापवून तिचा केसाहून बारीक धागा ओढला, त्यावर रंगीत नळ्या चढवल्या, वर काळं जाड आवरण घातलं आणि मला लाकडी चाकावर गुंडाळलं. तपासनीस बाईंनी माझ्या एका टोकातून उजेड सोडला, दुसऱ्या टोकाला पाहिला आणि कागदावर 'उत्तम' असा शेरा मारला. ही एवढीच शाबासकी मला पुढे सहा वर्षं पुरवून वापरावी लागली.

मोठ्या रस्त्यावरून मला खांबाखांबाने नेलं. वाटेत दवाखाना लागला, शाळा लागली, उंच इमारती लागल्या. प्रत्येकाला माझ्यातला थोडा उजेड मिळाला. शेवटी टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्यांशी आम्ही थांबलो. वर दाटीवाटीने घरं होती. आता वर जायचं, म्हणून मी अगदी उतावीळ झाले होते.

लाइनमन लोकांची एक पद्धत असते. उद्या केबल तुटली किंवा पुढे न्यावी लागली तर ओढाताण नको, म्हणून ते शेवटच्या खांबावर थोडी जादा केबल गोल गुंडाळून टांगतात. माझी अशी ऐंशी मीटर तिथे टांगली. टोकाला टोपी घातली. मुकादम म्हणाले, "पुढच्या आठवड्यात वर नेऊ," आणि जीपमध्ये बसून गेले.

तो आठवडा काही आला नाही. कारण त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक नकाशा होता. केबल ज्या खांबापर्यंत पोचली तिथे हिरवा ठिपका, आणि हिरवा म्हणजे सोय झाली. घरात नेट आहे का हे बघायला पायऱ्या चढाव्या लागतात. ठिपका खुर्चीत बसूनही देता येतो. वरच्या लोकांनी अर्जावर अर्ज केले. प्रत्येक अर्ज परत यायचा, 'आपल्या भागात सुविधा उपलब्ध आहे' असं लिहून. इकडे उजेड माझ्या टोपीपर्यंत यायचा आणि तिथेच विरायचा. दिवसभर, रोज. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्या खाली शिलाईमावशी येऊन उभी राहायची. पायऱ्यांच्या पहिल्या वळणावर तिचं घर आणि तिथेच तिचं मशीन. मावशीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिची भाषा हातांची. तिची लेक दूरच्या शहरात नोकरी करायची, तिलाही ऐकू येत नसे. आईशी बोलायला तिला चित्रच लागायचं, आणि फोनला जरा बरी रेंज मिळायची ती फक्त या खांबापाशी. हात मोकळे हवेत म्हणून मावशीने खांबाला कापडाच्या पट्टीने एक फळी बांधली होती. त्यावर फोन ठेवून मायलेकी बोलायच्या. सहा वर्षांत त्यांची भाषा मीही शिकले.

पण बोलणं कसलं! दोन शब्द झाले की चित्र थिजायचं. म्हणून दोघींनी बोलणंच आखडलं. जेवलीस का? जेवले. बरी आहेस? बरी. लांबचं काही सांगायला घेतलं की वाक्य निम्म्यात अडकायचं. लिहून कळवावं, तर मावशीची अक्षरओळख मापाच्या वहीपुरती. मग निरोप वाचायला दुकानदारकाकांकडे जावं लागे. काका मनाने सज्जन. पण मावशीला ऐकू येत नाही म्हणून तेच जास्त ओरडायचे. निरोप तिला खाणाखुणांनी समजायच्या आधी अख्ख्या गल्लीला समजायचा. त्यामुळे लेक त्यात मोजकंच लिहायची.

लेकीला सातवा महिना लागला होता. एका संध्याकाळी ती नेहमीसारखी हसली नाही. हात वर करून काहीतरी मोठं सांगू लागली आणि चित्र थिजलं. मावशी फळीसमोर अकरा मिनिटं उभी होती, त्या वर उचललेल्या हातांकडे बघत. मी तिच्या डोक्यावर ऐंशी मीटर रिकामी लोंबत होते. मित्रांनो, मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी लेक 'काही नाही' एवढंच म्हणाली. येऊ का विचारलं तर मान हलवून नको म्हणाली.

त्यानंतर आठवड्याने एक लाइनमन शिडी घेऊन आला. मला वाटलं, आली वेळ! त्याने माझी गुंडाळी सोडली आणि पिशवीतून कात्री काढली. नव्या वसाहतीत केबल कमी पडली होती. नकाशात इथे सगळं हिरवं, म्हणजे मी उरलेला माल.

मावशीने ते वरून पाहिलं. मशीनवरचा झगा हातात तसाच घेऊन ती धावत खाली आली आणि माझा वेढा तिने घट्ट धरला.

"अहो, सोडा मावशी! हे सरप्लस आहे!" लाइनमन म्हणाला.

"तिला ऐकू येत नाही हो!" काका दुकानातून ओरडले.

मावशीने झगा उलटा केला. आत शिवणीला शिंपी थोडं जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि झगा सैल करायचा. तिने दातांनी टाके तोडले, दुमडलेलं कापड बाहेर काढून दाखवलं. मग माझ्याकडे बोट केलं, मग वरच्या घरांकडे. शेवटी त्याच्या कात्रीकडे बोट करून मान जोरात हलवली.

लाइनमन शिडीवरच थांबला. जादा का ठेवतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने ऑफिसातल्या अधिकारी बाईंना फोन लावला.

"बाई, इथे वर कुठेच नेट नाहीये."

"असं कसं? नकाशात हिरवं आहे."

"नकाशात असेल. मी इथे उभा आहे."

बाई म्हणाल्या, "कापू नका. मी उद्या स्वतः येते."

आणि त्या खरंच आल्या. धापा टाकत पायऱ्या चढल्या, घरं मोजली. चौथ्या दिवशी मला उलगडून वर नेलं. मावशीच्या भिंतीवर पेटी बसली, तिच्यातून सोळा घरांना तारा गेल्या. लाइनमनने माझी टोपी काढली, काच काचेला वितळवून जोडली, आणि सहा वर्षं अडलेला उजेड पुढे गेला. मला रडू आवरेना, पण केबलला रडता कुठे येतं!

त्या संध्याकाळी मायलेकी घरात बसून बोलल्या. पहिली पाच मिनिटं गोड होती. मग लेकीने सांगितलं, की डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला मनाई केलीय, आई कामं सोडून धावत येईल म्हणून तिने ते लपवलं. झालं! मावशीचे हात असे सुटले की टेबलावरची रिळं खाली गडगडली. लेकही काही कमी नव्हती. चारही हात एकाच वेळी बोलत होते आणि एकही शब्द अडकत नव्हता.

दारात उभा असलेला लाइनमन घाबरला. "काय झालं? काही बिघडलं का?"

"बिघडलं कसलं!" काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. "मनसोक्त भांडतायत."

पाऊण तासाने दोघी रडल्या. पहाटेच्या बसने मावशी निघाली ती लेकीचं बाळंतपण आटपूनच परतली. नातीचं तोंड सगळ्या गल्लीने काकांच्या फोनवर पाहिलं, ते अजिबात थिजलं नाही.

मी मात्र अजून अस्वस्थच आहे. माझी ऐंशी मीटर संपली. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे आणखी एकोणीस घरं आहेत, आणि मला आता कितीही ओढलं तरी मी तिथे पुरत नाही. माझ्या टोकाला दुसरी केबल जोडायला हवी, आणि ती कुणीतरी हट्टाने मागायला हवी. मित्रांनो, तुमच्याकडे नेट आहे, तर तेवढा एक अर्ज तुम्ही करा. त्या एकोणीस घरांत अजून कुणालाही आपल्या दूरच्या माणसाशी धड भांडता येत नाही.