पाहुण्यांचा वाडगा

चिझुरूचं लग्न झालं त्या दिवशी तिच्या बापानं, इवाओनं, तिचा भाताचा वाडगा दारातल्या पायरीच्या दगडावर आपटला होता. कुरोदांच्या घरची रीतच तशी. मुलगी उंबरा ओलांडून निघाली की तिचा रोजचा वाडगा फोडायचा. म्हणजे पोरी, इथलं अन्न संपलं, आता दिल्या घरी सुखी राहा. पण वाडगा होता तोबे गावचा. तोबेची भांडी जाड आणि हट्टी. नवरा-बायकोच्या भांडणात फेकली तरी फुटत नाहीत, म्हणून अख्ख्या मुलखात त्यांना भांडणाची भांडी म्हणतात. इवाओनं आपटलेला वाडगा टुणकन उडाला, गोल गोल फिरला आणि पायरीलगतच्या गटारीत धडधाकट जाऊन बसला. पाहुणेमंडळी हसली. इवाओ लाल झाला. शेवटी चिझुरूच्या मामानं गाडीतून हातोडा आणला आणि रीत एकदाची पार पडली.

आता चिझुरू तीच पायरी चढून परत आली होती, आठ वर्षांची रित्सू, पाच वर्षांचा तेप्पेई आणि एक बॅग घेऊन. आल्या दिवशी तिची आई, फुसाए, भात वाढायला बसली आणि तिचा हात अडला. त्या घरात ज्याचा त्याचा वाडगा ठरलेला. इवाओचा मोठा, फुसाएचा लहान. दुसऱ्याच्या वाडग्यात कुणी जेवत नाही. आणि चिझुरूचा तर फोडलेला.

"पाहुण्यांचा काढ," इवाओ म्हणाला.

तेव्हा वसंत होता. मग पाऊस होऊन गेला, उतारावरच्या बागेत हिरवी संत्री धरली, तरी चिझुरू आपल्याच बापाच्या घरी सोनेरी काठाच्या वाडग्यात पाहुणी म्हणून जेवत होती. वाडग्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं स्वतःच्या आईच्या हातचा भात चार दिवस तसा खाऊन बघावा. पोरं प्लास्टिकच्या वाडग्यात जेवायची. ती मात्र रित्सूची मागणी होती.

चिझुरूचा नवरा कुनिहिको ओसाकाला राहायचा. त्यानं बायकोवर कधी हात उचलला नव्हता. तो भांडी उचलायचा. आमटी कोमट लागली, थाळी भिंतीवर. ऑफिसात कुणी बोललं, कप भिंतीवर. मग शांतपणे वर्तमानपत्र उघडून बसायचा. एवढं सगळं चिझुरूनं बापाला सांगितलं होतं, आणि बापानं ऐकून घेऊन म्हटलं होतं, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच."

"भांड्याला भांडं नाही लागत बाबा," चिझुरू म्हणाली होती. "भिंतीला लागतं."

पण इवाओनं फोनवर जावयाला शब्द देऊन टाकला होता. सुट्टी संपली की, सप्टेंबरची शाळा उघडायच्या आत, लेक आणि नातवंडं परत येतील. शब्द देणाऱ्यानं तिकडं राहायला जायचं नसतं, त्यामुळे शब्द पटकन देता येतो.

तोबेला जायची टूम त्याचीच. ऑगस्टमधल्या एका सकाळी तो म्हणाला, "चला, पोरांना भांडी रंगवायला नेऊ. पप्पासाठी एक छान कप रंगवा. जाताना हातात काहीतरी असावं." तेप्पेईला तेवढं रंगवायचं ऐकू आलं आणि तो गाडीत जाऊन बसलासुद्धा.

भट्टीला लागून रंगकामाची खोली होती. लांब टेबलं, भिंतीशी फळ्यांवर कोरी भांडी, आणि एक मिझोबुची नावाच्या बाई, कोपरापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेल्या. दुसऱ्या टेबलावर एक कुटुंब आधीच रंगवत होतं. त्यांचा लहानगा गालालाही रंग लावून बसला होता.

"हे बघा," मिझोबुचीबाई ब्रश वाटताना म्हणाल्या, "रंग आत्ता राखाडी दिसेल, घाबरू नका. भट्टीतून निळाशार होऊन येतो. आणि भांडं भट्टीत आक्रसतं. आत्ता मोठं वाटलं तरी येताना बेतानं येईल."

रित्सूनं फळीकडे बघून विचारलं, "प्लास्टिकचं नाही का?"

"अगं बाई! तोबेत येऊन प्लास्टिक मागणारी तू पहिलीच. हा वाडगा भट्टीतून निघाला ना, की नवरा-बायकोच्या भांडणातही फुटत नाही."

"कुणी बघितलंय?"

"सगळे म्हणतात बाळा."

"म्हणतात. पण बघितलंय कुणी?" रित्सूनं विचारलं. बाई हसल्या. रित्सू हसली नाही. तिनं एक मध्यम वाडगा दोन्ही हातांनी, अगदी धरून धरून टेबलावर आणला.

इवाओनं चहाचा एक उंच कप उतरवून पोरांपुढे ठेवला. "हा पप्पाचा. यावर छान काहीतरी काढा." तेप्पेईनं कप बाजूला सरकवला आणि दुसऱ्या एका वाडग्यावर शिंगवाला भुंगा काढायला घेतला. चिझुरू फळीपाशी गेली आणि सगळ्यात मोठा वाडगा काढून घेऊन आली.

"तो पुरुषांचा आहे," इवाओ म्हणाला.

"आक्रसणार आहे ना."

"कुणासाठी घेतलास?"

"माझ्यासाठी. भात खायला."

फुसाए ब्रशाचे केस निरखू लागली. तेवढ्यात मिझोबुचीबाई पत्त्याची चिठ्ठी घेऊन आल्या. "रंगवून झाल्यावर घाई होते, म्हणून आधीच लिहून घेते. भाजून, तपासून यायला महिना-दीड महिना लागतो. पार्सल कुठं पाठवू?"

"ओसाकाला," इवाओ म्हणाला. "तोवर ही मंडळी घरी पोचलेली असतील."

चिझुरूनं बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि चिठ्ठीवर बापाच्या घरचा पत्ता लिहिला. घर, वाडी, गाव, सगळं. खाली कुरोदा, हे तिचं माहेरचं नाव. पेन परत दिलं.

"हे काय?"

"पत्ता. मी जिथं असेन तिथला."

"चिझुरू, मी शब्द दिलाय त्या माणसाला!"

"तुम्ही दिलाय ना? मग तुम्ही जा. कपडे मी भरून देते." तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरचे ब्रश थांबले. "आमटी गरम असली की तो चांगला वागतो बाबा. तुमचं जमेल."

"चारचौघांत माझी शोभा करतेस?"

"शोभा तुम्ही केलीत. मला न विचारता माझा सौदा केलात. मी जाणार नाही. आज नाही, सप्टेंबरात नाही, कधीच नाही. तुम्ही घरात ठेवणार नसाल तर खाली गावात खोली बघेन, संत्र्यांच्या पॅकिंगला जाईन. पण हा वाडगा त्या घरात जाणार नाही."

"तुझा वाडगा मी फोडलाय! या हातांनी! त्याला काही अर्थ असतो की नाही?"

"तुमच्या हातांनी कुठं फुटला होता?" चिझुरू म्हणाली. "मामाला हातोडा आणावा लागला होता."

फुसाएला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात दडवायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. इवाओ धुसफुसत बसला. "लिही, काय लिहायचं ते लिही," तो पुटपुटला. "पत्ते बदलता येतात."

मग सगळे रंगवायला लागले, कारण पोरं समोर होती आणि ब्रश भिजलेले होते. तेप्पेईच्या भुंग्याला पाय जास्त झाले. फुसाएनं छोट्या बशीवर संत्र्याची फांदी काढली. चिझुरू मोठ्या वाडग्यावर खाली मान घालून काहीतरी जाड, चौकोनी काढत होती. इवाओनं शेवटी न राहवून विचारलं, "ते काय?"

"हातोडा."

इवाओ नातीकडे वळला. रित्सूनं वाडग्यावर ना फूल काढलं होतं ना मासा. ती वाडगा हळूहळू फिरवत काठाखालून एकच रेघ ओढत होती. मग तिच्याखाली दुसरी. जीभ दातांत धरून, कुठंही तुटू न देता.

"अगं, नुसत्या रेघा काय? एखादा ससा तरी काढ," इवाओ म्हणाला.

"सशाचा उपयोग नाही आजोबा. रेघ बरी. फुटलं की तुकडे जुळवायला सोपे जातात."

"तुकडे कशाला जुळवायचे?"

"एखादा राहिला तर कळायला पाहिजे ना." रित्सूनं मान वर केली नाही. ती रेघेचं टोक सुरुवातीला भिडवत होती. "राहिलेला तेप्पेईच्या पायात जातो. एकदा गेला होता. म्हणून मी सगळे जमिनीवर मांडून बघते. पांढऱ्या भांड्याचं कळतच नाही कुठला कुठं लागतो. नक्षी सगळीकडे नसते. रेघ सगळीकडे असते."

तेप्पेईनं लगेच मोजा काढून तळव्यावरची खूण आजोबांना दाखवली. त्याला त्या खुणेचा अभिमान होता.

इवाओ उठला. सिगारेट ओढून येतो म्हणाला आणि बाहेर गेला. काचेतून तो भट्टीच्या लाकडांपाशी उभा दिसत होता. हातात सिगारेट होती, पण ती त्यानं पेटवलीच नाही. चिझुरूचे डोळे भरून आले होते, दुःखानं कमी आणि रागानं जास्त. तुकड्यांची ही जुळवाजुळव तिलाही ठाऊक नव्हती. ती दुसऱ्या खोलीत तेप्पेईला निजवत असे, आणि मुलगी झाडते आहे असं तिला वाटत असे.

इवाओ परत आला तेव्हा सगळ्यांचं रंगवून झालं होतं. टेबलावर तो उंच कप कोराच होता. त्यानं तो उचलला आणि नेऊन फळीवर जिथला तिथं ठेवला.

"मग पत्ता तोच ना?" मिझोबुचीबाईंनी विचारलं.

"तोच," चिझुरू म्हणाली. इवाओ गाडीची किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्या हातातच होती.

महिनाअखेरीस कुनिहिको आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका. चिझुरू फाटकातच उभी राहिली. "मुलं इथल्या शाळेत जाणार आहेत," ती म्हणाली. "तुला बोलायचं ते वकिलाशी बोल. खोका घेऊन जा." कुनिहिकोनं तिच्या डोक्यावरून पायरीकडे बघितलं. तिथं इवाओ छाटणीची कात्री घासत बसला होता. "बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"तिला विचार," इवाओ म्हणाला आणि कात्री घासत राहिला.

झालं ते एवढंच. आणि संध्याकाळी चिझुरूपुढे आला तो सोनेरी काठाचाच वाडगा. जा असंही म्हातारा म्हणत नव्हता आणि राहा असंही नाही. चिझुरूनं गावात खोली पाहून ठेवली. जिथं वाडगा नाही तिथं किती दिवस बसायचं?

पार्सल आलं तेव्हा संत्री पिवळी पडायला लागली होती. रविवार होता, सगळे घरीच होते. इवाओनं ओसरीवर खोका ठेवून चाकूनं दोरी कापली. राखाडी रंग गेला होता, सगळं निळंशार झालं होतं. तेप्पेईचा जास्तीच्या पायांचा भुंगा. फुसाएची फांदी. हातोड्याचा वाडगा खरंच आक्रसला होता, तरी फुसाएच्या वाडग्याहून मोठाच होता. मग रित्सूचा, दोन निळ्या रेघांचा.

रित्सूनं तो घेतला, नखानं ठोकून बघितला. पायरी उतरली. वळली. आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून तिनं वाडगा दगडावर आपटला.

तेप्पेईनं कान झाकले. फुसाए ओरडली. वाडगा उडाला, गोल गोल फिरला आणि गटारीत जाऊन पडला. वरून पालापाचोळा होता, आत काय झालं ते दिसेना. रित्सू सवयीनं लगेच उकिडवी बसली आणि तिनं हात पुढे केला.

"थांब!" इवाओ ओरडला. पोर दचकली. तो आवाज खाली आणत म्हणाला, "तू नाही उचलायचं. या घरात तू नाही उचलायचं."

तो अनवाणीच खाली उतरला, गुडघे मोडून बसला आणि कोपरापर्यंत हात गटारीत घातला. बराच वेळ चाचपत राहिला. वाडगा बाहेर आला तेव्हा चिखलानं माखला होता, आणि अख्खा होता. इवाओनं तो सदऱ्याला पुसला, काठावरून बोट फिरवून तपासला, रित्सूच्या कानाशी धरून टिचकी मारली. टण्ण वाजला.

"आता बघितलं," रित्सू म्हणाली.

"माझाही असाच पडला होता इथं," चिझुरू ओसरीवरून म्हणाली. "उचलायला कुणी आलं नाही. हातोडा आला."

इवाओ चिखलात तसाच बसून होता. त्यानं लेकीकडे पाहिलं, पहिल्यांदा नीट. "चुकलं माझं," तो म्हणाला. मग उठला आणि बायकोला म्हणाला, "भात झालाय का?"

"अहो, आत्ताशी अकरा वाजताहेत!"

"मी वेळ विचारली का? भात झालाय का विचारलं."

भात झाला होता. जन्मात कधी भाताच्या भांड्यात पळी न घातलेला माणूस भांडं पुढ्यात ओढून बसला. पहिला रित्सूचा वाडगा भरला, मग तेप्पेईचा. चिझुरूनं पाहुण्यांचा वाडगा पुसून त्याच्या लाकडी पेटीत घातला, पेटी कपाटात सगळ्यात वर ठेवली आणि येऊन बापासमोर हातोड्याचा वाडगा धरला.

इवाओनं दोन पळ्या वाढल्या आणि तो थांबला.

"शीग लावून," चिझुरू म्हणाली.