गाळलेले पान

मित्रांनो, माझ्या पोटात बरेच दिवस एक पत्र पडून होते. निळसर आंतरदेशीय, घडीवर झिजलेले, शाळकरी मुलीच्या गोल अक्षरातले. त्याला कोणी उत्तर पाठवले नाही. ते पत्र माझ्या नावाचे नव्हते, पण ठेवले गेले माझ्याच पानांत, म्हणून त्याचे ओझे मला ठाऊक आहे. पाने मी हजारावर वाहतो, पण त्या एका कागदाइतके जड मला काही वाटले नाही.

मी एक जुना ग्रंथ आहे. लोक मला पवित्र शास्त्र म्हणतात, बायबलही म्हणतात. नाशिकला शरणपूर भागात त्रिभुवनांच्या घरी मी राहतो. काळ्या कापडाची माझी बांधणी आता कोपऱ्यांवर पांढरी पडली आहे. कोठे कसा छापला गेलो ते मला नीटसे आठवत नाही. शाईचा वास आणि पाने कापणाऱ्या यंत्राची धार, एवढेच आठवते. या घरचे कर्ते जीवन सर. त्यांच्या वडिलांनी मला विकत घेतले. ते खेडोपाडी पायी फिरून उपदेश करीत. उन्हातान्हात मी त्यांच्या काखेत असे. त्यांच्या घामाचा डाग माझ्या पाठीवर अजून आहे. भाकरीचे पीठ लागलेल्या बोटांनी मला उलटले गेले, तापाने फणफणलेल्या मुलांच्या उशाशी मला ठेवले गेले, आणि मरणाऱ्या माणसांच्या कानाशी मला हळू आवाजात वाचले गेले. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू लिहिलेले आहेत.

वडिलांनी घराला एक नियम घालून दिला होता. रोज सकाळी चहाच्या आधी नव्या कराराचा, म्हणजे माझ्या येशूपासूनच्या उत्तरार्धाचा, एक अध्याय वाचायचा. ओळीने वाचायचा. आवडला नाही म्हणून गाळायचा नाही. त्यामुळे या घरात वंशावळीसुद्धा वाचल्या जात. सरांचा मुलगा राज लहान होता तेव्हा ती अवघड नावे वाचताना त्याला हसू फुटे.

"पप्पा, ही नावं देवाला तरी पाठ आहेत का?"

"तू वाच. तुझंही नाव त्याला पाठ आहे," असे सर म्हणत. मग तेही हसत.

मित्रांनो, तो काळ माझ्या सुखाचा होता. मला कोणी डोक्यावर घेऊन मिरवले नाही, मखमलीत गुंडाळले नाही. मला रोज वाचले. ग्रंथाला याहून जास्त काय हवे?

राज मोठा झाला, सिन्नरच्या एका कारखान्यात लागला. एका संध्याकाळी तो लासलगावहून मित्राचे लग्न आटोपून मोटारसायकलने परतत होता. निफाडजवळ कांद्याने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, साधा दगडही ठेवलेला नव्हता. ट्रॅक्टरचा चालक लहानू जॅक मागायला वस्तीवर गेला होता. तो परत आला तेव्हा रस्त्यावर माणसे जमली होती.

राजच्या दफनाच्या वेळी पाळकांच्या हाती मीच होतो. पण त्याच्या मृत्यूची तारीख सरांनी माझ्या पहिल्या पानावर लिहिली नाही. राजच्या जन्मापुढची जागा मोकळी राहिली. सरांच्या पत्नी साधनाबाई यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी ऑपरेशनचा विचारच सोडून दिला. म्हणाल्या, "आता बघायचं काय राहिलंय?"

तरीही रोजचे वाचन थांबले नाही. सर वाचत, साधनाबाई ऐकत. शेवटी दोघे येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनेत एक ओळ आहे. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. तेथे आले की सरांचा आवाज बंद पडे. ओळ साधनाबाई एकट्या म्हणत. पुढच्या ओळीला सर पुन्हा मिळत. माझ्याच पानांतून शिकलेली ती ओळ रोज सकाळी त्यांच्या घशात अडकताना मी पाहत होतो.

अशाच एका सकाळी वाचनाला उशीर झाला होता, ते चालू असतानाच पोस्टमनने पत्र दिले. सरांनी पहिल्या ओळी मोठ्याने वाचल्या. लहानूची आई नवसाबाई हिने ते शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले होते. लहानू जामिनावर सुटला आहे, खटला चालू आहे, कोर्ट जी शिक्षा देईल ती भोगू. पण तो जेवत नाही, बोलत नाही, ट्रॅक्टरला हात लावत नाही. 'तुमचं लेकरू गेलं, माझं जितं असून गेल्यासारखं हाये. तुम्ही एक शब्द लिहा. शिवी लिवली तरी चालंल.'

सर पुढे वाचू शकले नाहीत. त्यांनी पत्र उघड्या पानात खुपसले आणि मला मिटले.

"उत्तर द्याल ना?" साधनाबाईंनी विचारले.

"देतो."

ते पान येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचे होते. दुसऱ्या दिवशी सरांनी मला उघडले ते त्या पानाच्या पुढे. वर्षाच्या आत नव्या कराराची फेरी पुरी होते. फेरी फिरून तेथे आली की सर पत्रासकट ती दोन पाने अंगठ्याने एकत्र उचलीत आणि पुढे वाचत. ज्या घरात वंशावळ गाळली गेली नाही, त्या घरात ते पान गाळले गेले. माझ्या तोंडाला कुलूप नव्हते, पण मला स्वतःहून उघडता येत नाही. मला हात लागतात.

यंदा पावसाळा सरता सरता बहिणीने फारच आग्रह केला, म्हणून साधनाबाईंनी डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले. नवा चष्मा आला. कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला सरांच्या हातून ओढूनच घेतले.

"आज मी वाचणार."

"डॉक्टरांनी ताण देऊ नको म्हटलंय."

"डॉक्टर काय अध्याय मोजायला येतोय? सरका उजेडातून."

त्या वाचू लागल्या. फेरी नेमकी त्याच पानाशी आली होती. त्यांच्या बोटाला पत्र लागले. त्यांनी ते उचलून मांडीवर ठेवले आणि त्याखालच्या ओळी सावकाश वाचल्या. तू वेदीपाशी आपले अर्पण आणलेस आणि तेथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असा त्या ओळींचा अर्थ आहे.

पानावर बोट तसेच ठेवून त्यांनी मान वर केली.

"तुम्ही हे पान खात होता," साधनाबाई म्हणाल्या. "माझे डोळे गेले होते, कान नव्हते गेले."

"अपराध त्यांचा आहे, साधना. माझा मुलगा गेला."

"माझाही गेला. पण इथं काय लिहिलंय? तुम्हाला कोणी दुखवलं असेल तर, असं नाही लिहिलेलं. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर. ती बाई वाट बघत बसलीय. तिची तक्रार आहे तुमच्यावर."

सरांनी हात पुढे केला, मला घेतले आणि मिटले. पण पत्र साधनाबाईंच्या मांडीवर राहिले होते. मी पूर्वीपेक्षा घट्ट मिटलो. ते त्यांनाही जाणवले असावे.

दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवशी लोक घरचे पीक, फळे, अंडी, कोंबड्यासुद्धा अर्पण म्हणून आणतात. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो. सरांनी परसातल्या पेरूंची टोपली घेतली होती. मी त्यांच्या खांद्याच्या पिशवीत होतो. गीत चालू झाले. लोक रांगेने वेदीकडे निघाले. सरही निघाले. वेदीच्या पायरीशी त्यांची पावले थांबली. मागच्या माणसाने हळूच म्हटले, "सर, पुढं चला ना." सरांनी टोपली पायरीच्या कडेला ठेवली, दिली नाही, आणि ते बाजूच्या दाराने बाहेर आले.

अंगणात निफाडकडचे सावळीराम मामा लिलावासाठी उसाच्या मोळ्या लावत होते. ते दरवर्षी ऊस घेऊन येत. नवसाबाईचे गाव त्यांच्या गावाला लागूनच होते. सरांनी चाचरत तिची चौकशी केली.

"नवसाबाई व्हय?" मामांनी मोळी खाली ठेवली. "गेली ती, सर. पोळ्याच्या आधी. लय हाल झाले नाय, झोपंतच गेली. पण शेवटपावतर दारात बसून पोस्टमनची वाट बघायची. पोरं चिडवायची, आजे, कोण राजा पत्र धाडतोय गं तुला? तर म्हणायची, राजा नाय, राजाचा बाप धाडंल."

सर चिंचेखालच्या बाकावर बसले. पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. त्यांचे शरीर हलत होते आणि त्याबरोबर मीही हलत होतो. मित्रांनो, मी दुःखाची पुष्कळ पाने वाहतो, पण त्या दुपारी माझ्याजवळ त्यांना द्यायला एकही ओळ नव्हती. जी होती ती त्यांनी वेळेवर वाचली नव्हती.

साधनाबाई बाहेर आल्या. मामांनी त्यांनाही सांगितले.

"संपलं," सर म्हणाले. "आता कोणाला लिहू?"

साधनाबाई शेजारी बसल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तिने ते स्वतःसाठी नव्हतं लिहिलं. मामा, लहानू आहे ना?"

"हाय की. गोठ्यात बसून ऱ्हातो. हाक मारली तर वर बघतो, एवढंच."

साधनाबाईंनी पर्समधून नवसाबाईचे पत्र काढले, आणि त्याबरोबर एक कोरे आंतरदेशीय. ते त्यांनी केव्हा आणून ठेवले होते कोण जाणे. सरांनी मला मांडीवर आडवे घेतले, कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि लिहू लागले. पेनाचे टोक मला बांधणीतून टोचत होते. म्हणून त्यातले अक्षर अन् अक्षर मला ठाऊक आहे.

'लहानू, तुझ्या आईचे पत्र मला मिळाले होते. मी उत्तर दिले नाही. ती वाट पाहत गेली, हे मला आज कळले. याची क्षमा आता मला तिच्याकडे मागता येत नाही, म्हणून तुझ्याकडे मागतो. मी तुला क्षमा केली असे लिहावे, तर ते अजून पूर्ण खरे होणार नाही. पण रोज सकाळी ते म्हणण्याचा प्रयत्न करीन. तू जेवत जा. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे तुझ्याकडे येतो. राजचे वडील.'

मग त्यांनी माझे पहिले पान उघडले आणि राजच्या नावापुढे तारीख लिहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला रेशमी फडक्यात बांधून कपाटावर ठेवू नका. उशाखाली घेऊन निश्चिंत झोपू नका. माझ्यात जादू नाही. माझ्यातली ओळ वाचणाऱ्याचा हात धरते, पण त्यासाठी ती वाचावी लागते. जे पान उलटून पुढे जावेसे वाटते, तेथेच थोडे थांबा. तुमच्यासाठी कोणीतरी दारात बसलेले असेल, आणि माणसे फार दिवस बसू शकत नाहीत.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी सर थांबले. आत मंडळीची प्रभूची प्रार्थना चालू झाली होती, तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ती ओळ आली तेव्हा सरांचे ओठ हलले. अडखळले, पण बंद झाले नाहीत. साधनाबाईंनी पेटीचे झाकण वर धरले. सरांनी पत्र आत सोडले, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज मी पिशवीतून ऐकला.